टँगोच्या पत्रिकेत धवलारणीचे नाव

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात ठाण्यातील एका छोटेखानी सभागृहात झालेल्या गिटारवादनाचा वृत्तान्त आपल्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ त्याच कार्यक्रमावर नाराजी व्यक्त करणारे एका वाचकाचे पत्रही आपण छापले. वृत्तान्तात कार्यक्रमाला ‘पूर्व-पश्चिमेचा मनोहर संगम’ म्हटले होते, तर पत्रलेखकांनी त्यालाच ‘लोकसंगीताची भेसळ’ ठरवले होते. मी त्या संध्याकाळी सभागृहात होतो. टपाल खात्यातून निवृत्त होऊन मला बारा वर्षे झाली आणि त्याच्याही आधीपासून कोपरीतल्या आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवतो, एवढाच काय तो माझा संगीताशी संबंध. तरीही दोन्ही अभिप्राय वाचल्यावर हे पत्र लिहावेसे वाटले, कारण रागावण्यासारखे तिथे खरोखरच काहीतरी होते, पण ते वाजवण्यात नव्हते. हातात दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेतून गाळलेल्या नावांत होते. तिथपर्यंत पोहोचण्याआधी वादनाविषयी थोडे लिहिणे भाग आहे.

मंचावर तिघेच होते: नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारचे रीतसर शिक्षण घेतलेली एक तरुणी, एक ढोलकीवादक आणि एक गायिका. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे संगीत होते, त्यात टँगो या तिथल्या नृत्यसंगीताचे रचनाकार आस्तोर पियाझोला यांनी गिटारसाठी लिहिलेल्या रचना आणि तिथल्या गावाकडच्या काही चाली. उत्तरार्धात धवळे म्हणजे आगरी-कोळी लग्नातली विधीची गाणी, दोन कोळीगीते आणि एक लावणी होती, आणि या सगळ्यांना त्या दूरदेशीच्या लयीची सोबत दिलेली होती.

पत्रलेखकांचा मुख्य आक्षेप असा की, टँगो ही परदेशी दिवाणखान्यातली नाचाची चीज आहे आणि तिचा आपल्या मातीतल्या गाण्याशी काडीचा संबंध नाही. टँगो दिवाणखान्यात पोहोचला हे खरे, पण फार उशिरा पोहोचला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाशी असलेल्या बुएनोस आइरेस आणि माँटेव्हिडिओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत तो जन्माला आला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वंशजांचे कांदोंबेचे ढोल, क्यूबाकडून आलेली हाबानेरा ही नाचाची लय, गवताळ माळरानावरच्या गुराख्यांची मिलोंगा ही गाण्याची चाल आणि इटली-स्पेनमधून बोटी भरभरून आलेल्या मजुरांची गाणी अशा चार दिशांच्या वस्तू त्या वस्त्यांत एकत्र आल्या. एका खोलीत एक बिऱ्हाड आणि मधल्या चौकात सगळ्यांची धुणी वाळत घातलेली, अशा तिथल्या घरांचे वर्णन वाचताना लालबाग-परळच्या चाळीत बालपण काढलेल्या माझ्यासारख्याला तरी काही परके वाटत नाही. पोटासाठी शहरात आलेल्या माणसाने मागे राहिलेल्या माणसांसाठी गावे, हे दोन्हीकडे सारखेच. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांनी गावावर राहिलेल्या मैनेची छक्कड रचली. तिकडे गमावलेली बाई आणि सुटलेली वस्ती यांवर टँगोची किती गाणी असतील, त्याला गणती नाही.

प्रतिष्ठेची कथाही जुळते. त्याच्याच शहरातल्या सभ्य घरांनी टँगोला दाराबाहेरच ठेवले होते; पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत पॅरिसने त्याला डोक्यावर घेतले, तेव्हा कुठे बुएनोस आइरेसच्या बड्या लोकांना त्याची गोडी कळली. तमाशावर स्वातंत्र्यानंतर काही काळ सरकारी बंदी होती आणि आज शाळांच्या स्नेहसंमेलनांत लावणीवाचून पान हलत नाही, हे पाहिलेल्या पिढीला यावर अधिक सांगायला नको. २००९ साली अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन देशांनी मिळून टँगोची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद करून घेतली. जी गोष्ट मुळातच चार ठिकाणचे आणून एका चुलीवर शिजवलेली आहे, तिच्यात आणखी काही मिसळले म्हणून भेसळ झाली, हे म्हणणे मला तरी पटत नाही.

वाद्याचेही तसेच. टँगोचा खरा आवाज म्हणजे बँडोनिऑन, असे सगळेच सांगतात. ते वाद्य जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हाइनरिख बांड यांच्या नावावरून ओळखले जाते आणि अर्जेंटिनात पोहोचण्यापूर्वी टँगो नावाच्या प्रकाराशी त्याचा काही संबंध नव्हता. आत धातूच्या पत्त्या, भात्याने वारा द्यायचा, म्हणजे नात्याने ते माझ्या पेटीचे चुलत भावंडच. (माझी पेटीही मूळची पॅरिसची. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला परकी म्हणून दूर ठेवले होते, आणि आज तिच्याविना भजन उभे राहत नाही.) बँडोनिऑन रुळण्याच्या आधी टँगो वाजवणारे ताफे बासरी, व्हायोलिन आणि गिटार यांचे असत. पुढे मोठे वाद्यवृंद आले तसे गिटारला मागे सरावे लागले, तरी कार्लोस गार्देलसारख्या गायकाने तिची साथ सोडली नाही. तेव्हा ठाण्याच्या मंचावर गिटारवर टँगो वाजला, तो त्याच्या जुन्या घरीच वाजला असे म्हणायला हरकत नाही.

पियाझोलांना (१९२१–१९९२) तर ‘हा टँगोच नव्हे’ हे वाक्य आयुष्यभर ऐकावे लागले. १९५४ साली ते पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे पाश्चात्त्य अभिजात संगीताची रचना शिकायला गेले, आपण टँगो वाजवतो हे सांगायची त्यांना लाज वाटत होती, आणि बाईंनी ते वाजवून घेऊन ‘हे सोडू नकोस’ असे बजावले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परत आल्यावर १९५५ मध्ये त्यांनी आपल्या आठ वादकांच्या संचात चक्क इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि जुन्या टँगोप्रेमींचा रोष ओढवून घेतला. त्यांचे गुरू आल्बेर्तो जिनास्तेरा यांनी तर गिटारच्या सहा मोकळ्या तारा छेडल्यावर जो स्वरसमूह उमटतो, गावचा गुराखी सहज छेडतो तोच, उचलून आपल्या वाद्यवृंदाच्या रचनांत ठिकठिकाणी वापरला. लोकसंगीत आणि अभिजात संगीत यांच्यातला हा येण्याजाण्याचा रस्ता तिकडे पूर्वीपासून वापरात आहे.

आता प्रत्यक्ष वादन. पियाझोलांच्या संगीताचा कणा म्हणजे आठ मात्रांची तीन, तीन, दोन अशी विभागणी, जी मिलोंगाकडून आलेली आहे. आपला केरवाही आठच मात्रांचा, पण तो चार-चार असा चालतो. ढोलकीवादकाने आपले चार-चार सोडले नाहीत आणि गिटारने खर्जाच्या तारांवरचे तीन-तीन-दोन सोडले नाही. त्यामुळे पहिल्या मात्रेवर दोघे एकत्र, चौथीवर गिटारचा जोर, पाचवीवर ढोलकीचा, सातवीवर पुन्हा गिटारचा, आणि मग समेवर गाठ, असा सवालजवाब सुरू झाला. मी सवयीने मांडीवर बोटांनी ठेका धरला होता. दोनदा माझाच ठेका सुटला आणि इतक्या वर्षांत भजनात तसे कधी झाले नव्हते.

कोळीगीतांना मात्र गिटारवादक तरुणीने टँगो लावलाच नाही. आपल्या वृत्तान्तात सरसकट सगळ्यालाच टँगो म्हटले आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. कोळीगीत बहुधा सहा मात्रांच्या झोक्यावर असते, होडी डुलते तसे. त्यावर आठ मात्रा लादल्या असत्या तर पत्रलेखकांच्या बाजूने मीही उभा राहिलो असतो. तिने तिथे अर्जेंटिनाच्या ग्रामीण भागातली चाकारेरा ही नाचाची लय घेतली. चाकारेरात सहा मात्रा एकाच वेळी दोन प्रकारे मोजल्या जातात, एक वाद्य तीन-तीनचे दोन गट धरते आणि दुसरे दोन-दोनचे तीन. बोंबो नावाच्या मोठ्या ढोलाचे काम तिने गिटारवरच केले: तारा जिथे बांधलेल्या असतात त्या घोडीजवळ तारांवर अंगठ्याच्या बाजूने थाप मारली की ढोलासारखा घुमारा निघतो, या युक्तीला गिटारवादक तांबोरा म्हणतात. ढोलकीवादकाने पहिले कडवे हात आवरून ऐकले आणि दुसऱ्या कडव्यापासून तो शिरला. ज्याला काय वाजवू नये हे कळते, त्याच्याबद्दल मला नेहमीच आदर वाटत आला आहे.

पट्टीची अडचण मला पेटीवाला म्हणून विशेष जाणवली. गायिकेचा षड्ज (सा) पेटीवरच्या काळी चारचा. गिटारच्या मोकळ्या तारांपैकी एकही त्या स्वरात नसते. तिसरी तार पांढरी पाचमध्ये असते, म्हणजे अर्ध्या स्वराने खाली. पहिल्या पडद्यावर सगळ्या तारा दाबणारा चाप (कॅपो) लावून गिटारवादक तरुणीने ती तार काळी चारला आणली आणि षड्ज मोकळ्या तारेवर मिळवला. हे शास्त्र फार मोठे नाही, पण ते करण्यासाठी गाणाऱ्या बाईचा गळा आधी ऐकावा लागतो, आणि आपल्याकडे फ्यूजनच्या नावाखाली जे चालते त्यात बहुतेक वेळा गाणाऱ्यालाच वाद्याच्या सोयीची पट्टी घ्यायला लावतात.

सगळेच जमले असे नाही. लावणीचा प्रयोग फसला, असे माझे स्पष्ट मत आहे. लावणीची सारी गंमत शब्द फेकण्यात आणि स्वरावरून स्वरावर घसरत जाण्यात. गिटारचे पडदे ती घसरण तोडतात, आणि पियाझोलांच्या वळणाचे भारी स्वरसमूह खाली रचल्यामुळे शब्दांवर ओझे आले. धवळ्याच्या पहिल्या कडव्यालाही तेच झाले. धवळे लग्नघरी, मांडवात, बायकांच्या गळ्यावरच चालतात, त्यांना वाद्याची गरज पडत नाही. खाली स्वरसमूह दिले की कोणता स्वर घरचा आणि कोणता पाहुणा हे वाद्यच ठरवू लागते. दुसऱ्या कडव्यापासून ते सगळे बाजूला ठेवून तिने फक्त दोन मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या छेडल्या, आणि सभागृह एकदम शांत झाले. ध्वनिक्षेपण सांभाळणाऱ्या गृहस्थांनी उत्तरार्धात गिटारचा आवाज इतका वाढवला होता की नायलॉनच्या तारा लोखंडी वाटू लागल्या होत्या. त्या दोन तारांपुरता तरी त्यांचा हात खाली आला.

आता पत्रिकेकडे येतो. चार पानांच्या त्या पत्रिकेत पियाझोलांच्या प्रत्येक रचनेपुढे त्यांचे पूर्ण नाव, जन्म-मृत्यूची साले आणि रचनेचे वर्ष छापलेले होते, आणि ते योग्यच आहे. धवळे, कोळीगीते आणि लावणी यांच्यापुढे एकच शब्द होता: ‘पारंपरिक’. ढोलकीवादक आणि गायिका यांचा उल्लेख शेवटच्या पानावर ‘साथसंगत’ असा एका शब्दात, नावाविना होता. आपल्या वृत्तान्तातही गिटारवादक तरुणीचे नाव पाच वेळा आले आहे (मी मोजले) आणि इतर दोघांचे एकदाही नाही. त्या मुलीवर याचा ठपका ठेवता येणार नाही. तिने मंचावरून दोघांची नावे घेतली, आणि हे धवळे आपण नवी मुंबईतल्या कोणत्या गावच्या कोणत्या धवलारणीकडून (धवळे गाणाऱ्या बाईकडून) दोन पावसाळे जाऊन-येऊन शिकलो तेही सांगितले. ती वृद्ध बाई तिसऱ्या रांगेत बसली होती. परवानगी घेतलेली नसल्यामुळे मी तिचे नाव या पत्रात देत नाही. आयोजकांना ती घेणे सहज शक्य होते.

लोकगीत म्हटले की ते निनावीच असायचे, असा समज यामागे असावा. तो आपल्या परंपरेला धरून नाही. होनाजी बाळा, राम जोशी, पठ्ठे बापूराव यांच्या रचनांत शेवटच्या कडव्यात शाहिराची नाममुद्रा असतेच. त्या संध्याकाळी गायिकेने लावणीच्या अखेरीस शाहिराचे नाव स्पष्ट उच्चारले, आणि श्रोत्यांच्या हातातली पत्रिका त्याच लावणीला ‘पारंपरिक’ म्हणत होती. कोकणातल्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांत, म्हणजे गाण्यातल्या सवालजवाबाच्या सामन्यांत, ज्या आजही आमच्या ठाण्यात रात्र रात्र रंगतात, शाहीर समोरच्याला प्रश्न टाकताना आपल्या गुरूचे आणि घराण्याचे नाव घेतल्याशिवाय पुढे जात नाही. अर्जेंटिनाच्या माळरानावरचे पायादोर नावाचे कवी-गायक गिटार हातात घेऊन अशाच काव्याच्या झुंजी खेळत, आणि कोण कोणाला हरवून गेला हे लोक नावानिशी लक्षात ठेवत.

जात्यावरच्या ओव्यांना नाममुद्रा नसते हे मान्य. पण हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपून ठेवले. ओवी तिने रचली की आजीकडून घेतली, हा प्रश्न त्यांना अडचणीचा वाटला नाही. ती तिच्या तोंडून आली, एवढे नोंदवणे पुरेसे होते. एक लाख ओव्यांच्या बाबतीत जे जमले, ते तीन धवळ्यांच्या बाबतीत का जमू नये?

यावर अर्जेंटिनाचेच एक मोठे उदाहरण देऊन कोणी मला गप्प करू शकेल. गिटार आणि लोकगीत यांचा संसार ज्यांनी तिकडे आयुष्यभर केला ते आताउआल्पा युपांकी (१९०८–१९९२) असे मानत की, गाणे इतके लोकांचे व्हावे की कर्त्याचे नाव कोणी घेऊ नये, हेच गाणाऱ्याचे खरे बक्षीस. विचार सुंदर आहे आणि मला तो आवडतो. पण ज्याचे नाव जगभर छापले गेले त्याने निनावीपण मागणे वेगळे आणि जिचे नाव एकदाही छापले गेले नाही तिला ते देऊन टाकणे वेगळे. शिवाय याच युपांकींच्या अनेक गाजलेल्या गाण्यांपुढे सहरचनाकार म्हणून पाब्लो देल सेर्रो हे नाव दिसते. या नावाचा पुरुष कधी अस्तित्वात नव्हता. त्या नावाआड त्यांच्या पत्नी, पियानोवादक आंत्वानेत पोल पेपँ-फिट्झपॅट्रिक होत्या. बाईच्या नावाने गाणी खपणार नाहीत अशा काळात त्यांना पुरुषाचे नाव घ्यावे लागले. त्यांचे नाव लोकांपुढे यायला फार वर्षे जावी लागली. आमच्या धवलारणीला तर खोटे नावही मिळालेले नाही.

कायद्याचाही थोडा विचार आयोजकांनी करावा. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर हक्क राहतो, म्हणून पियाझोलांचे नाव कोणी विसरत नाही. विसरले तर आठवण करून देणारे प्रकाशक आहेत. पण २०१२ साली कॉपीराइट कायद्यात जे कलम ३८-ब घातले गेले, त्याने सादर करणाऱ्या कलावंतालाही आपण सादरकर्ते आहोत ही ओळख मागण्याचा हक्क दिला आहे. ढोलकीवादक आणि गायिका त्यात बसतात. कोणी कोर्टात जावे असे मला सुचवायचे नाही, दोघांनाही पुढची सुपारी हवी असते. कागदावर दोन ओळी वाढवणे आयोजकांना जड जाऊ नये, इतकेच.

महापालिकेची नाट्यगृहे भाड्याने देताना अर्जासोबत कितीतरी कागद मागितले जातात. त्यांत मंचावरील सर्व कलावंतांची आणि ज्यांच्याकडून गाणे घेतले त्यांची नावे-गावे, असा एक रकाना वाढवावा, आणि छापील पत्रिकेची एक प्रत नाट्यगृहाच्या दप्तरी राहावी. ठाणे महापालिका पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह भरवते; नाव राखण्याचे महत्त्व तिला पटवून द्यावे लागेल असे वाटत नाही. आपल्या दैनिकानेही संगीताच्या वृत्तान्तांत ‘साथसंगत’ या शब्दापुढे नावे छापण्याचा प्रघात पाडावा, जागा अपुरी पडली तर विशेषणे गाळावीत.

हाच कार्यक्रम पुढील महिन्यात वाशीला होणार असल्याचे समजते. त्याची पत्रिका अद्याप छापायला गेली नसेल, तर आयोजकांनी या पत्राची दखल घ्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक,
कोपरी, ठाणे (पूर्व)